‘सगळं देवाच्या हातात आहे’ हे कुणी म्हणायचं?

भांडुपच्या एका ताईंचा प्रश्न आहे. पत्र मोठं होतं, थोडक्यात सांगते. यजमान 42 वर्षांचे. तोंडाचा कॅन्सर. ऑपरेशन झालं, आता परळला रेडिएशन चालू आहे. बरीच वर्षं तंबाखू खायचे. मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, माणसं भेटायला येतात आणि जाताना म्हणतात, “देवाची योजना असेल, सगळं त्याच्या हातात आहे.” एका प्रचारकांनी सांगितलं की विश्वास खरा असेल तर औषधं बंद करा. सासूबाई कॅथलिक घरातल्या, त्या दर बुधवारी माहीमच्या चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला जातात. ताई लिहितात: “देवानेच हे होऊ दिलं असेल तर मी त्याच्याकडे कोणत्या तोंडाने जाऊ? आणि त्याच्या हातात काही नसेल तर जाऊन उपयोग काय? मला प्रार्थना होत नाही. मुलगा नऊ वर्षांचा आहे. ‘देवाने पप्पांना आजारी का केलं’ असं विचारतो. त्याला काय सांगू?”

ताई, सलाम.

मी पाळक, म्हणजे चर्चची पास्टर, आहे आणि माझ्या कामाचा मोठा भाग परळच्या इस्पितळांतून रुग्णांना भेटण्यात गेला आहे. तुमचा पेच मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे. बहुतेक जण तो इतक्या स्पष्टपणे मांडत नाहीत. ते नुसते रविवारी यायचे थांबतात.

आधी भेटायला येणाऱ्यांविषयी बोलते, कारण तुमचा निम्मा राग तिथे आहे आणि तो रास्त आहे. ‘सगळं देवाच्या हातात आहे’ हे वाक्य खोटं नाही. मी त्यावर विश्वास ठेवते. पण ते कुणी, कुणाला आणि कधी म्हणायचं याला पवित्र शास्त्रात फार महत्त्व आहे, आणि आपल्या मंडळ्यांत ते कुणी शिकवत नाही. बायबलमधल्या ईयोबाची, सगळं गमावलेल्या त्या माणसाची, गोष्ट घ्या. त्याचे मित्र आले, त्याच्या शेजारी सात दिवस आणि सात रात्री जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तिथवर ते आदर्श मित्र होते. आठव्या दिवसापासून बोलू लागले आणि सगळं बिघडलं. ते बोलले त्यातलं पुष्कळसं ऐकायला धार्मिकच आहे. देव न्यायी आहे, पाप केल्यावाचून शिक्षा होत नाही, नम्र हो म्हणजे तो उचलून धरील. शेवटी देव त्या मित्रांपैकी अलीफजाला काय सांगतो? माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. म्हणजे ज्याने देवाशी तंडण केलं, ‘मी जन्मलो तो दिवस जळो’ म्हटलं, त्याचं बोलणं देवाने योग्य ठरवलं. देवाची बाजू सावरणाऱ्यांना मात्र होमार्पण आणायला लावलं.

‘परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले; धन्य परमेश्वराचे नाम’ हे उद्गार आपण प्रेतविधीला सर्रास वाचतो. ते ईयोबाचे आहेत. दहा मुलं गमावलेल्या माणसाने स्वतःच्या तोंडाने म्हटलेले. शेजाऱ्याने ते त्याला ऐकवलेले नाहीत.

भावांनी विकलेल्या योसेफाचंही तसंच. ‘तुम्ही माझं वाईट योजलं, पण देवाने ते चांगल्यासाठी योजलं’ हे वचन देवाच्या योजनेबद्दल बोलताना सगळ्यात आधी पुढे येतं. ते कधीचं आहे, हे बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातले आकडे जुळवून पाहा. भावांनी विकलं तेव्हा योसेफ 17 वर्षांचा होता. मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हा 30. त्यानंतर सुकाळाची सात वर्षं आणि दुष्काळाची दोन गेल्यावर त्याचा बाप याकोब मिसरात आला, म्हणजे योसेफ साधारण 39 चा. याकोब तिथे 17 वर्षं जगला. योसेफाने भावांना हे वाक्य ऐकवलं ते बापाच्या मृत्यूनंतर, म्हणजे त्याच्या वयाच्या 56 च्या आसपास. विहिरीत टाकल्याला तोवर जवळजवळ 39 वर्षं झाली होती! तुरुंगात असताना त्याला कुणी येऊन ‘यात देवाची काहीतरी योजना असेल हं’ असं म्हटल्याचं लिहिलेलं नाही. तो स्वतः तिथे काय म्हणाला तेवढं नोंदवलं आहे: मला इथून बाहेर काढा, मी काही केलेलं नाही.

म्हणून ताई, हे वाक्य आज तुमच्या तोंडी येत नसेल तर तुमचा विश्वास गेला असं समजू नका. त्याची वेळ झालेली नसेल. भेटायला येणाऱ्यांपैकी कुणी पुन्हा म्हणालं तर वाद घालू नका. त्यांच्या हातात रेडिएशनची पुढची तारीख ठेवा आणि ‘त्या दिवशी यांच्याबरोबर कोण जाईल’ एवढं विचारा.

आता तुमचा मुख्य पेच. देवाने होऊ दिलं तर त्याच्याकडे कसं जायचं, आणि त्याच्या हातात नसेल तर का जायचं.

हल्ली काही चांगले, मायाळू पाळक दुसरी बाजू पत्करतात. ते म्हणतात, देवाचा आजाराशी काही संबंध नाही, तोही हतबल होऊन तुमच्याबरोबर रडतो आहे. मला त्यांचा हेतू कळतो. दुःखी बाईला ‘हे देवाने केलं’ असं सांगण्यापेक्षा हे सांगणं सौम्य वाटतं. पण मला ते पटत नाही, आणि खाटेजवळ बसल्यावर तर मुळीच नाही. येशू लाजराच्या कबरेपाशी रडला हे खरं. पण रडून तो परत गेला नाही, त्याने मेलेल्या लाजराला हाक मारून कबरेतून बाहेर बोलावलं. नुसताच रडणारा देव असेल तर तुमच्या घरात रडणारं आणखी एक माणूस वाढलं, एवढंच. आणि कुणाच्याच हातात काही नसेल, तर ‘का?’ हा तुमचा प्रश्नसुद्धा निरर्थक होतो. पेशी बिघडल्या, संपलं. तुम्ही रागावला आहात, कारण कुठेतरी तुम्हाला ठाऊक आहे की विचारण्यासारखा कुणीतरी आहे. तो राग विश्वासाचाच भाग आहे असं मी मानते.

मग पहिली बाजू. देव राज्य करतो, तर हा कॅन्सर त्याने पाठवला का? इथे ख्रिस्ती मंडळीने शतकानुशतकं विचार केला आहे आणि तो थोडा नीट समजून घेण्यासारखा आहे. 1646 मध्ये लंडनमध्ये तयार झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात, म्हणजे प्रॉटेस्टंटांच्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, एका दमात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. जे जे घडतं ते देवाच्या संकल्पाबाहेर नाही. आणि तरीही देव पापाचा कर्ता नाही, माणसाच्या इच्छेवर तो जबरदस्ती करत नाही, आणि ज्या कारणांनी गोष्टी घडतात ती कारणं तो रद्द करत नाही. थॉमस अक्वायनस या कॅथलिक धर्मपंडितांनी तेराव्या शतकात जवळपास हेच मांडलं होतं, म्हणजे सासूबाईंचं आणि तुमचं इथे भांडण नाही.

याचा तुमच्या घरातला अर्थ असा. यजमानांना कॅन्सर तंबाखूने झाला असं डॉक्टर म्हणत असतील तर ते खरं कारण आहे. ते लपवायची गरज नाही आणि त्याला ‘देवाची इच्छा’ असं नाव द्यायचीही गरज नाही. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे आणि तरीही कोणत्या टपरीवर काय मिळतं हे मुंबईत शाळकरी पोरांनाही माहीत असतं. विकणारे जबाबदार आहेत, खाणारेही काही अंशी आहेत. देवाचं राज्य म्हणजे या जबाबदाऱ्या पुसून टाकणारा बोळा नव्हे. पण यातलं काहीही देवाच्या हातातून निसटलेलं नाही, आणि यातल्या कशालाही शेवटचा शब्द बोलायची परवानगी नाही, असं आपण कबूल करतो.

हे कसं शक्य आहे, याचं गणित मला सोडवता येत नाही. कुणाला सोडवता आल्याचं मी पाहिलेलंही नाही. पण ते कुठे घडलं ते मी दाखवू शकते. येशूचा शिष्य पेत्र पन्नासाव्या दिवशी, पेंटेकॉस्टच्या सणाला, यरुशलेमेत उभा राहून म्हणतो की येशूला देवाच्या ठाम संकल्पानुसार धरून देण्यात आलं, आणि त्याच दमात म्हणतो की तुम्ही त्याला अधर्म्यांच्या हातून वधस्तंभावर मारलं. हेरोद, पिलात, जमाव, कुणालाही सूट नाही. जगातलं सगळ्यात नीच कृत्य आणि जगाचं तारण, एकाच दुपारी, एकाच टेकडीवर. देवाच्या सार्वभौमत्वात मला समाधान मिळतं ते याच एका ठिकाणी. राजासनावर बसलेल्याच्या हातांना खिळ्यांचे वण आहेत. ते नसते, तर त्याच्या अमर्याद सत्तेची मला फक्त भीती वाटली असती.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ होतो. आपण मराठी माणसं. सहाव्या दिवशी सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते, हे आपल्या आज्या-पणज्यांनी ऐकलेलं, आणि बाप्तिस्मा झाला म्हणून ते रक्तातून जात नाही. मग ‘देवाची इच्छा’ म्हणताना आपल्या मनात असतं ‘नशीब’. कपाळावरचं लिखाण कुणाचं ऐकत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, त्याला मुकाट्याने सोसायचं. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूने काय केलं ते पाहा. पित्याची इच्छा काय आहे हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्याने हा प्याला टळू दे म्हणून विनवलं, एकदा नाही, तीनदा, घाम रक्ताच्या थेंबांसारखा होईपर्यंत. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे त्याने विनवणीच्या शेवटी म्हटलं, विनवणीऐवजी नाही. तेव्हा तुम्ही यजमान बरे व्हावेत म्हणून मागा, हट्टाने मागा. मागणं हे देवाच्या योजनेला आव्हान नाही. देवाने ज्या मार्गांनी गोष्टी घडवायचं ठरवलं आहे त्यांत प्रार्थनाही एक आहे.

चिमण्यांचं वचन तुम्हाला कुणीतरी ऐकवलं असेलच. मत्तयाच्या शुभवर्तमानात दोन चिमण्या एका दमडीला मिळतात. लूकमध्ये पाच चिमण्या दोन दमड्यांना. हिशेब करा: दोन दमड्यांना चार व्हायला हव्यात. पाचवी फुकट. दादरच्या मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर दोन काड्या कढीपत्ता टाकून देतात, तशी ती पाचवी चिमणी वर टाकलेली. तिची किंमतसुद्धा कुणी लावलेली नाही. येशू म्हणतो, तिचाही देवाला विसर पडलेला नाही.

पण नीट वाचा. चिमणी पडत नाही असं तो म्हणत नाही. पित्यावाचून पडत नाही, असं म्हणतो. आणि हे तो कुणाला सांगतो आहे? ज्यांना लांडग्यांमध्ये मेंढरं म्हणून पाठवतो आहे त्या शिष्यांना, ‘शरीर मारणाऱ्यांना भिऊ नका’ हे सांगता सांगता. म्हणजे हे वचन सुरक्षिततेची हमी नाही. पडताना एकटं नसण्याची हमी आहे.

त्याच ठिकाणी ‘तुमच्या डोक्यावरचे सर्व केस मोजलेले आहेत’ हेही आहे. केमोने केस गेलेल्या एका बाईंना मी अजाणता हाच भाग वाचून दाखवला होता. त्या टक्कलावरून हात फिरवत म्हणाल्या, “चला, देवाचं काम हलकं झालं.” आम्ही दोघी इतक्या हसलो की सिस्टर पाहायला आली. 1563 च्या हायडलबर्ग प्रश्नोत्तरीचा, म्हणजे प्रॉटेस्टंट शिकवणीच्या एका जुन्या पुस्तिकेचा, पहिलाच प्रश्न असा आहे की जीवनात आणि मरणात तुझं एकमेव सांत्वन काय. उत्तराचा गाभा असा: मी माझा स्वतःचा नाही, देहाने आणि आत्म्याने, जगताना आणि मरताना, मी माझ्या विश्वासू तारणाऱ्या येशूचा आहे, आणि माझ्या स्वर्गीय पित्याच्या इच्छेवाचून माझ्या डोक्याचा एक केसही गळू शकत नाही. त्या बाईंनी ते उत्तर माझ्याकडून लिहून घेतलं आणि उशीखाली ठेवलं. ‘केस गळणार नाही’ असं ते म्हणत नाही, म्हणून मला ते खरं वाटतं, असं त्या म्हणाल्या. हे एवढं धर्मशास्त्र मला सेमिनरीत कुणी इतक्या थोडक्यात शिकवलं नव्हतं.

‘ही शिक्षा आहे का’ असं तुम्ही सरळ विचारलं नाहीत, पण तंबाखूचा उल्लेख करताना तुमचा स्वर मला कळला. परिणाम आणि शिक्षा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणाला, याने नाही आणि त्यांनीही नाही. शिलोहातला बुरूज पडून 18 माणसं मेली होती. त्यांच्याबद्दलही तो स्वतःहून विचारतो की ते यरुशलेमेतल्या इतरांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? नाही, असं तोच सांगतो. बुरूज का पडला याचं कारण मात्र तो देत नाही. ऐकणाऱ्यांनाच म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप करा.

29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशनांना जोडणाऱ्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक माणसं गेली. तुमचे यजमान आज ज्या भागात उपचार घेतात तिथलीच ही गोष्ट. नंतरच्या रविवारी मुंबईतल्या कितीतरी मंडळ्यांत साक्षी झाल्या असतील. माझ्यासमोरही एक झाली: माझी गाडी चुकली, देवाने मला वाचवलं. मी ते नाकारत नाही. वाचलेल्या माणसाने देवाचे आभार मानायलाच हवेत. पण त्या बाकांवर ज्याच्या घरचं कुणी त्या पुलावरून परत आलं नाही असा माणूस बसलेला असता, तर त्याने काय ऐकलं असतं? ज्याची गाडी वेळेवर आली, त्याचा देव नव्हता का? तेव्हापासून मी साक्ष देणाऱ्यांना एक सांगते. ‘देव चांगला आहे, कारण मी वाचलो’ असं म्हणू नका. ‘मी वाचलो, देवाचे आभार, आणि जे गेले तेही त्याच्याच हातात होते’ असं म्हणा. लोकांना हे लांबलचक वाटतं. वाटू दे.

आता औषधांबद्दल, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. ज्या प्रचारकांनी औषधं बंद करायला सांगितलं त्यांचं ऐकू नका. रेडिएशनचा एकही दिवस चुकवू नका. उपचारात मध्येच खंड पडला तर त्याचा परिणाम कमी होतो, हे तुम्हाला तिथले डॉक्टरही सांगतील. देवावर भरवसा म्हणजे साधनांचा त्याग, ही शिकवण बायबलची नाही. हिज्कीया राजा मरणाला टेकला होता. त्याने भिंतीकडे तोंड करून प्रार्थना केली. देवाने यशया संदेष्ट्यामार्फत त्याला 15 वर्षांचं आयुष्य वाढवून दिल्याचं वचन दिलं. वचन हातात होतं, देवाच्या तोंडचं. तरी यशया काय सांगतो? अंजिरांचा लेप आणा आणि गळवावर बांधा. ज्या संदेष्ट्याने देवाचं वचन आणलं त्यानेच औषध बांधायला लावलं.

1527 मध्ये विटेनबर्गात प्लेग आला तेव्हा मार्टिन ल्यूथरना विचारण्यात आलं की पळून जाणं हा अविश्वास आहे का. त्यांनी सविस्तर पत्र लिहून सांगितलं की मी देवाची करुणा भाकीन, मग धुरी देईन, हवा शुद्ध करीन, औषध देईन आणि घेईन, आणि जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही. शेजाऱ्याला माझी गरज असेल तर मात्र जाईन. प्रार्थना आणि धुरी एकाच वाक्यात. आपल्याकडे 1896 साली मांडवीत प्लेग सुरू झाला आणि 1897 च्या जानेवारीत वाल्डेमार हाफकिन यांनी तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. ते ज्यू होते. परळमध्ये त्यांच्या नावाची संस्था अजून उभी आहे, टाटा हॉस्पिटलपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिच्या फाटकावरून जाताना मला नेहमी वाटतं की देवाने किती जणांची प्रार्थना अशा माणसाच्या हातून ऐकली, ज्याचं नावही त्यांना माहीत नव्हतं.

देवाची तरतूद चर्चच्या दारातूनच येते असं आपण धरून चालतो. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. परळला उपचारासाठी आलेली, मुंबईत कुणीच नसलेली किती कुटुंबं तिथे राहून गेली आहेत. त्यांत ख्रिस्ती कुटुंबंही मी पाहिली आहेत, मराठवाड्यातली, नगरकडची. खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या त्या संताच्या छपराखाली ती संध्याकाळची प्रार्थना करायची. देवाने पाठवलेल्या भाकरीचा वाहक कोण असावा, हे ठरवणं आपल्याकडे नाही. एलीया संदेष्ट्याला तर कावळ्यांनी भाकर आणून दिली होती.

म्हणून मी रुग्णाच्या घरच्यांना प्रार्थनेच्या आधी विचारते: केसपेपरची फाइल नीट लावली आहे का? हॉस्पिटलच्या सोशल वर्करला भेटलात का? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी केलीत का, रेशनकार्ड जवळ आहे का? घास गिळता येत नसेल तर डाएटिशियनला विचारलंत का? कुणाला हे फार व्यवहारी वाटतं. पण सोशल वर्करच्या खोलीबाहेरच्या रांगेत उभं राहणं हाही देवावर भरवसा ठेवण्याचाच प्रकार आहे. आणि ताई, तंबाखू. घरातल्या, शेजारातल्या, मेव्हण्याच्या खिशातल्या पुड्याही गेल्या पाहिजेत. त्यासाठी वेगळी प्रार्थना लागत नाही.

सासूबाईंच्या नोव्हेनाबद्दल एवढंच: आत्ता त्यांच्याशी वाद घालू नका. माहीमच्या त्या रांगेत बुधवारी कोणकोण उभं असतं ते मी पाहिलं आहे. त्यांचा मुलगा आजारी आहे. शक्य असेल तर एखाद्या बुधवारी त्यांच्याबरोबर स्टेशनपर्यंत जा.

एक गोष्ट आपल्या मंडळीच्या इतिहासातली, कारण ‘देवाची योजना’ मागे वळून पाहताना किती सरळ दिसते आणि चालताना किती नाही, हे तिच्यात आहे. 1813 च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यात अमेरिका आणि इंग्लंडचं युद्ध चालू होतं. त्यांना परत पाठवण्याचे हुकूम निघाले. ते कोचीनपर्यंत निसटले, तिथून परत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन यांना त्यांनी विनंतिअर्ज केला, तिकडे विलायतेत कंपनीची सनद बदलली आणि ते राहिले. अमेरिकन मराठी मिशन त्यातून उभं राहिलं, आणि तुमच्या-माझ्या कितीतरी मराठी मंडळ्या त्या मुळावर आहेत. मंडळीच्या वर्धापनदिनी आपण ही गोष्ट इथे संपवतो. पण ती पुढे आहे. 1826 मध्ये प्रवासात असताना हॉलना कॉलरा झाला आणि ते गेले. चाळिशी नुकतीच ओलांडली होती. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम अंगावर होतं. हद्दपारीतून वाचवणारा देव आणि कॉलऱ्यातून न वाचवणारा देव एकच. पहिल्याचं कारण दिसतं, दुसऱ्याचं मला दोनशे वर्षांनंतरही दिसत नाही. ज्याला दोन्हींची कारणं बिनचूक सांगता येतात, त्या उपदेशकापासून मी लांब राहते.

प्रार्थना होत नाही म्हणता. रोमकरांस पत्रातलं 8:28 तुम्हाला पाठ असेल, देवावर प्रीती करणाऱ्यांना सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. त्याच्या दोन ओव्या आधी हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की प्रार्थना कशी करावी ते आपल्याला कळत नाही आणि आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. 28 वी ओवी त्या कण्हण्यातून वर येते. ती सर्व गोष्टी चांगल्या आहेत असं म्हणत नाही. कॅन्सर चांगला नाही, मृत्यूला तर पौल शत्रू म्हणतो. आणि ‘कल्याण’ म्हणजे काय ते 29 व्या ओवीत आहे: पुत्राच्या प्रतिरूपाशी जुळणं. त्यात बरं होणं असेलही, नसेलही. मी तुम्हाला ते वचन देऊ शकत नाही, आणि जो देतो त्याला विचारा की हे तुम्हाला कुणी सांगितलं.

शब्द सुचत नसतील तर उधार घ्या. बायबलमधलं स्तोत्र 13 रोज रात्री मोठ्याने वाचा. ते अगदी छोटं आहे, भांडी घासून झाल्यावर उभ्याउभ्या होतं. राग जास्त असेल त्या दिवशी 88. त्या स्तोत्रात शेवटपर्यंत उजेड पडत नाही, ते अंधारातच संपतं, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. तेही जमत नसेल तर मंडळीतल्या दोघीतिघींना सांगा की मला प्रार्थना होत नाही, तुम्ही करा. पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं तेव्हा येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. खाटेवरच्याचा किती होता हे कुणी मोजलं नाही.

रात्रीची झोप पूर्ण गेली असेल, जेवण सुटलं असेल, जगू नये असे विचार येत असतील, तर हॉस्पिटलच्याच समुपदेशकाला किंवा मानसोपचाराच्या डॉक्टरला भेटा, आजच. यात विश्वासाची कमतरता शोधू नका.

राहिला मुलगा. त्याला ‘देवाला पप्पा आवडले’, ‘देव आपली परीक्षा घेतोय’ असलं काही सांगू नका, इतर कुणाला सांगूही देऊ नका. आत्याबाईंनासुद्धा स्पष्ट बजावा. या वयाच्या मुलांना बहुतेक वेळा मनातून वाटत असतं की आपल्या हातून काहीतरी घडलं म्हणून हे झालं. तेव्हा त्याने विचारायची वाट न पाहता सांगा: तू केलेल्या, बोललेल्या कशामुळेही हे झालेलं नाही. आजाराचं नाव सांगा, कॅन्सर म्हणा. तंबाखूने तो होतो हेही सांगा, पण पप्पांवर चिडून नाही. ‘देवाने का केलं’ याला उत्तर द्या की मला माहीत नाही, मीही त्याला रोज विचारते. आई देवाला विचारते हे त्याला कळू दे. त्याने झोपताना प्रार्थना करायची सोडली असेल तर बळजबरी नको. तुम्ही त्याला ऐकू येईल अशी करा, दोन वाक्यांची, रडू आलं तरी चालेल. त्याच्या वर्गशिक्षिकांना परिस्थिती कळवून ठेवा. आणि पप्पांच्या खोलीत त्याला जाऊ द्या. चेहरा बदलला आहे, बोलणं समजत नाही, म्हणून मुलांना लांब ठेवलं जातं. मुलगा घाबरेल, मग सवय होईल. त्याला एखादं ठरलेलं काम द्या: औषधाची वेळ वहीत लिहायची, पाण्याची बाटली भरून ठेवायची.

पुढच्या तपासणीची तारीख कळवा. मी त्या दिवशी परळलाच असेन.